गाडी उकळली, टॉवेल ओलाच

डोळे मिटा बघू. मिटले? मग आता पुढचं वाचणार कसं? उघडा, उघडा. डोळे उघडे ठेवूनही कल्पना करता येते. मोठी माणसं तर दिवसभर तेच करतात आणि त्याला मीटिंग म्हणतात.

तर अशी कल्पना करा, की एप्रिल महिना आहे. ऊन इतकं, की उभ्या गाडीखाली शिरलेलं कुत्रं पोळीचा तुकडा दाखवला तरी बाहेर येत नाही. अशा उन्हात तळवड्याहून महाळुंग्याकडे एक जुनी, दुधी रंगाची, छोटी गाडी चालली आहे. आणि गाडीत हीटर चालू आहे. होय, हीटरच. तोही पूर्ण.

गाडी चालवतायत ज्योतीराम आजोबा. त्यांच्या भुवयांवरून घाम असा ओघळतोय, की वायपर काचेला असावेत की कपाळाला असा प्रश्न पडावा. शेजारी इंदुताई आजी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसल्यात. मागच्या सीटवर त्यांची नात निशिगंधा आहे. तिच्या हातातल्या कपात मघाशी आइस्क्रीम होतं. आता ती ते पिते आहे.

"अहो," आजी म्हणाल्या, "एप्रिलमध्ये लोक एसी लावतात."

"लोकांच्या गाड्या उकळत नाहीत."

"मग लोकांचीच गाडी घ्यायची होती."

तुम्ही विचाराल, हा काय वेडेपणा? सांगतो. गाडीच्या हीटरमध्ये इंजिनाचीच उष्णता येते. हीटर लावला की इंजिनाची थोडी धग गाडीत येते आणि इंजिनाला तेवढाच आराम पडतो. म्हणजे तापलेल्या इंजिनाचा ताप उतरवायचा तर तो बसलेल्या माणसांना चढवायचा, असा हा उपाय. सोसायटीचे चेअरमन आबाजी यांनी तो सुचवला होता. सुचवताना ते स्वतः कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते, हेही लक्षात ठेवा. सल्ला देणारा नेहमी सावलीत असतो.

महाळुंग्याला आजींची धाकटी बहीण राहते. तिनं दार उघडलं आणि बघतच राहिली. "अगं ताई, आत्ता आंघोळ केलीस होय?"

"हो," आजी म्हणाल्या. "तुझ्या दाजींनी घातली."

एवढं सोसूनही परतताना सोसायटीच्या फाटकातच गाडीच्या उष्णतेच्या काट्यानं लाल रेघ गाठली आणि बोनेटमधून वाफ सुटली. आता फाटक ही काही गाडी बंद पडायची जागा नाही. मागे कंपनीची बस, पुढे पाण्याचा टँकर आणि मध्ये आजोबा. ही त्यांची काही पहिली वाफ नव्हती. भक्ती-शक्ती चौकात सिग्नल हिरवा होता होता गाडी उकळली होती. इंद्रायणीच्या पुलावर उकळली तेव्हा तर एका मोटरसायकलवाल्यानं थांबून विचारलं होतं, "काका, दोन कटिंग मिळतील का?" ज्या माणसानं चाकणच्या कारखान्यात आयुष्यभर क्वालिटीचा तपासनीस म्हणून दरारा गाजवला, त्याला कुणी चहावाला समजावं! चहाचा धंदा वाईट नाही, पण आजोबांना चहासुद्धा जमत नव्हता.

त्या दिवशी फाटकात त्यांचा मुलगा सुजित उभा होता. तो तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये कामाला. त्यानं वाफ पाहिली, घामानं निथळणारी आई पाहिली, आणि म्हणाला, "बस झालं, बाबा. रविवारी स्क्रॅपवाल्याला बोलावतो."

"आणि दर गुरुवारी महाळुंग्याला कसं जायचं?"

"मी सोडेन की!"

'मी सोडेन' याचा अर्थ तुम्हाला कळतो का? याचा अर्थ असा, की दर गुरुवारी आवरून, चपला घालून, सोफ्याच्या कडेला बसायचं आणि विचारायचं, "सुजित, वेळ आहे का रे?" मग त्यानं फोनवर हात ठेवून म्हणायचं, "पाचच मिनिटं, बाबा." त्या पाच मिनिटांत चहा होतो, वर्तमानपत्र होतं, दुपारही होते. सुजित वाईट मुलगा नव्हता. पण गाडी गेली की आजोबांना बाहेर पडायला दुसऱ्याच्या सवडीची वाट बघावी लागणार होती, आणि ती त्यांनी कधी बघितली नव्हती.

वर सुजितनं एक आगळीक केली. आजोबांच्या कपाटात कारखान्यातल्या जुन्या चिठ्ठ्या होत्या. तपासात पास झालेल्या मालाला हिरवी चिठ्ठी, नापास मालाला लाल. गंमत म्हणून सुजितनं एक लाल चिठ्ठी आणून गाडीच्या आरशाला लटकवली. "तुमच्याच भाषेत बाबा. रिजेक्ट."

आजोबांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. "कारण कुठाय?"

"कसलं कारण?"

"लाल चिठ्ठीवर कारण लिहायचं असतं. कारणाशिवाय लाल चिठ्ठी म्हणजे नुसती शिवी. मी ती मानत नाही." आणि पुढे म्हणाले, "रविवारी सकाळी गाडी महाळुंग्याला जाऊन न उकळता परत आली, तर ती राहणार. उकळली, तर मी स्वतः तिला स्क्रॅपवाल्याच्या स्वाधीन करीन."

"डन," सुजित म्हणाला.

निशिगंधानं दोघांकडे पाहिलं. तिच्या मते कुणीतरी हिरवी चिठ्ठीही बाहेर काढून ठेवायला हवी होती.

आता या सोसायटीची एक गंमत सांगतो. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात गाड्यांचे इतके सुटे भाग बनतात, की एका बिल्डिंगमधली माणसं एकत्र केली तर गाडी तयार व्हावी. इथंही तसंच होतं. पहिल्या मजल्यावरचा प्रीतम रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनाचं तापलेलं पाणी निववणाऱ्या जाळीच्या, कारखान्यात. त्याच्या समोरचा गणराज, मूळचा लातूरचा, रबरी पाइप बनवणाऱ्या कंपनीत. तिसऱ्या मजल्यावरची आम्रपाली वॉटर पंपाच्या असेंब्ली लाइनवर इंजिनिअर. बोनेटखालचं निम्मं सामान जिन्यात भेटायचं. तरीही गाडी उकळायची. कारण असं, की यातला प्रत्येक जण आपला भाग सोडून बाकी सगळ्या गाडीवर संशय घ्यायचा.

महिनाभर हेच चाललं होतं. आम्रपाली म्हणाली, रेडिएटर तुंबलाय. प्रीतमचा चेहरा पडला. त्यानं हट्टानं रेडिएटर धुऊन आणला. तो लख्ख होता. मग तो म्हणाला, "भावा, पाइप आतून फुगले असतील." गणराजला ते घरच्यांना बोलल्यासारखं लागलं. "तसं नसतंय ओ! आमचा पाइप तपासायला त्याच्यावर हत्ती उभा करावा लागतंय." तरी पाइप बदलले. मग गणराजनं पंपाकडे बोट दाखवलं आणि आम्रपाली दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पंप उघडला. पंपही ठणठणीत. सगळे भाग निर्दोष, आणि गाडी मात्र दोषी!

शुक्रवारी शेवटची बैठक पार्किंगमध्ये भरली. पण बोनेट उघडायच्या आधीच आबाजी काठी टेकत आले. ही जमीन पूर्वी त्यांचीच. बिल्डिंग उभी राहिली, आबाजी चेअरमन झाले, पण ट्रॅक्टर काही त्यांनी विकला नाही. तो पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये असायचा आणि उन्हाळ्यात सोसायटीचा टँकर ओढायचा. सकाळी तो सुरू झाला की बराच वेळ पांढरा धूर ओकायचा आणि इंदुताई खिडक्या लावायच्या. चेअरमनच्या ट्रॅक्टरची तक्रार करायची तर ती चेअरमनकडेच करावी लागे, म्हणून कुणी करत नसे.

"पार्किंगमंदी दुरुस्ती करायला मनाई हाय," आबाजी म्हणाले.

"दुरुस्ती नाही आबाजी, पाहणी आहे," आजोबा म्हणाले.

आबाजींनी बराच विचार केला. "हात लावला तर पाहनी. पाना लावला की दुरुस्ती. पाना दिसला तर मंग अर्ज लागंल, दोन प्रतींत."

पाना न लावता गाडी सुरू करून ठेवली. आजोबांनी खडूनं भिंतीवर माशाचा सांगाडा काढला. कारखान्यात एखादी अडचण सापडत नसली, की असा मासा काढतात. डोक्यात अडचण लिहायची आणि एकेका काट्यावर एकेक संशयित कारण. डोक्यात लिहिलं, 'गाडी उकळते'. काट्यांवर लिहिलं, 'रेडिएटर', 'पाइप', 'पंप'. प्रत्येक काट्यावरून भांडण झालं.

"ही भितीवर मासळी कुनी काढली?" आबाजी म्हणाले. "एकादशी हाय आज!"

इतक्यात गाडीतला काटा लालवर गेला आणि गाडीनं फुस्स करून वाफ सोडली. आजोबांनी इंजिन बंद केलं. इथं एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधी, कधी म्हणजे कधीच, उघडायचं नाही. आतलं उकळतं पाणी अंगावर येतं. आजोबांनी सगळ्यांना मागे सारलं, वाफ पूर्ण बसू दिली आणि मगच बोनेट उघडलं.

वाद पुन्हा सुरू झाला. तेवढ्यात इंदुताई धुतलेला टॉवेल घेऊन खाली आल्या. गच्चीवरच्या दोऱ्या भरल्या होत्या. त्यांनी बोनेटखाली डोकावून पाहिलं, पुढचा उभा जाळीदार रेडिएटर पाहिला आणि टॉवेल त्याच्यावर पसरला.

"अहो, हे काय?" आजोबा ओरडले.

"एवढी तापलीय, तर निदान टॉवेल तरी वाळू दे. तुमच्या या गाडीचा कुणाला काही उपयोग होऊ दे!"

भर सभेत हा अपमान. आजोबा खडू घेऊन पुन्हा माशाकडे वळले. बाकीचे तिघं आणखी जोरात भांडू लागले. निशिगंधा मात्र गाडीजवळ उभी होती. तिनं टॉवेलचं टोक चिमटीत धरलं. मग दुसरं टोक. मग मधला भाग.

"आजोबा."

"थांब बाळ, पंपाचं चाललंय."

"आजोबा, गाडी उकळली, पण टॉवेल ओलाच आहे."

"वाळेल गं."

"वाळेल कसा? तो गार आहे. गाडी एवढी गरम, मग तिचा पुढचा भाग गार कसा?"

आजोबांनी टॉवेल बाजूला केला आणि तळहात हळूच रेडिएटरजवळ नेला. मग टेकवला. कोमट! मग इंजिनाकडून येणाऱ्या पाइपाजवळ हात नेला. इंजिनाला जोडलेल्या टोकाशी धग, आणि त्याच पाइपाच्या रेडिएटरकडच्या टोकाशी काहीच नाही.

"निशू," आजोबा हळूच म्हणाले, "आपल्या गीझरमध्ये पाणी उकळतंय आणि बादली मात्र गार राहिलीय. काय झालं असेल?"

"नळ बंद असेल."

"तोच! नळ बंद आहे!" आजोबांनी एवढ्या मोठ्यानं म्हटलं, की ट्रॅक्टरखाली झोपलेलं कुत्रं पळालं. "थर्मोस्टॅट!"

थर्मोस्टॅट म्हणजे काय, ते ऐका. इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवर बसलेलं हे एक लहानसं झाकण. त्याच्या पोटात मेण असतं. इंजिन गार असताना झाकण बंद, म्हणजे पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. पाणी पुरेसं तापलं की मेण फुगतं, झाकण उघडतं आणि गरम पाणी रेडिएटरकडे निवायला जातं. आजोबांच्या गाडीचं झाकण मिटलं ते उघडतच नव्हतं. बिचारा रेडिएटर गार बसून होता, पाइप रिकाम्या हातांनी उभे होते, पंप ढकलत होता, आणि वाट बंद होती.

आजोबांनी भिंतीवरच्या माशाकडे पाहिलं आणि त्यांना हसू आलं. महिनाभर हा काटा कुणी काढलाच नव्हता. का? कारण थर्मोस्टॅट बनवणारं बिल्डिंगमध्ये कुणी राहतच नव्हतं. त्याच्यावर आळ घ्यायला कुणी नाही, त्याची बाजू घ्यायलाही कुणी नाही. ज्याच्यावरून भांडता येत नाही, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"त्येच्यात काय एवढं?" आबाजी म्हणाले. "काडून फेका. माज्या ट्रॅक्टरचा कवाच काडून फेकलाय आमी. बिगर त्याचा पळतोय का न्हाई?"

"पळतो आबाजी. पण झाकणच नसलं की इंजिनाला नीट ऊब येत नाही. ते सकाळी कुडकुडतं, धूर ओकतं आणि डिझेल पितं."

"पिऊंद्या की. घरचं हाय."

निशिगंधानं हे ऐकलं आणि पाहुण्यांच्या पार्किंगकडे एकवार वळून पाहिलं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता पाना लावायचा, म्हणजे दुरुस्ती, म्हणजे अर्ज. अर्ज कमिटीसमोर जाणार आणि कमिटी बसणार पुढच्या महिन्यात. आम्रपालीनं तोडगा काढला. गाडी ढकलत फाटकाबाहेर इतकीच नेली, की बोनेट महापालिकेच्या हद्दीत आणि डिकी सोसायटीच्या हद्दीत. आबाजींनी वाकून रेघ तपासली. "बरुबर हाय. फुडचं आमच्या हातात न्हाई." मग प्रीतमनं बोल्ट सोडवले, गणराजनं पाइप काढला आणि आजोबांच्या तळहातावर तो गुन्हेगार येऊन बसला. लिंबाच्या फोडीएवढा, पितळी, साळसूद.

शनिवारी आजोबा आणि निशिगंधा नवा थर्मोस्टॅट घ्यायला कासारवाडीच्या एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "कशाला बसवताय काका? सगळे काढूनच टाकतात."

"सगळ्यांचं मला सांगू नका," आजोबा म्हणाले. "आणि हा नवा मी तपासूनच लावणार."

"तपासणार? कुठं?"

"स्वयंपाकघरात," निशिगंधा म्हणाली.

स्वयंपाकघर पाना-नियमाच्या बाहेर होतं. इंदुताईंचं दुधाचं पातेलं गॅसवर चढलं. पातेल्यावर लाटणं आडवं ठेवलं आणि दोऱ्यांनी दोन्ही थर्मोस्टॅट पाण्यात सोडले, जुना आणि नवा, तळाला न टेकता, शेजारी शेजारी. निशिगंधानं तापाचा थर्मामीटर आणला. आजोबा म्हणाले, "हा नको बाळ. याचे आकडे बेचाळीसपाशीच संपतात. त्यापुढे डॉक्टरच घाबरतात." ओट्याभोवती अख्खी बिल्डिंग दाटली होती. आबाजी पाहणीसाठी आले होते.

पाण्यात बारीक बुडबुडे आले. दोन्ही गप्प. वाफ आली. दोन्ही गप्प. "काका, नवा पण तसलाच निघाला वाटतंय," गणराज पुटपुटला. आजोबांनी गॅस मोठा केला. दुसऱ्या दिवशी रविवार होता.

आणि मग नव्या थर्मोस्टॅटचं झाकण हललं. आधी केसाएवढी फट, मग बोटाएवढी, आणि मग ते ऐटीत उघडलं.

"अरारा! बेडकानं जांभई दिल्यागत!" गणराज ओरडला. टाळ्या पडल्या. पाणी खळाखळा उकळू लागलं तरी जुन्यानं मात्र तोंड उघडलं नाही. पोलिसांसमोर गप्प बसलेल्या चोरासारखा तो लोंबकळत राहिला.

"सगळं झालं," इंदुताई म्हणाल्या, "आता त्या पातेल्यात मी दूध तापवणार नाही. ते गाडीचं झालं."

रविवारी सकाळी स्क्रॅपवाला लवकरच येऊन फाटकाशी बसला. त्याच्या टेम्पोकडे न पाहता आजोबांनी गाडी बाहेर काढली. हीटर बंद. शेजारी सुजित, मागे आजी आणि नात. निघोजेच्या पुढे व्हायचं तेच झालं. शिफ्ट सुटली होती आणि रस्ता तुंबला होता. एका बाजूला कंपनीच्या बसेस, दुसऱ्या बाजूला कोऱ्या गाड्यांनी लादलेला लांबलचक ट्रेलर. वरून त्या चकचकीत गाड्या खालच्या म्हाताऱ्या आत्याकडे बघत होत्या.

गाडी जागेवरच घुरघुरत राहिली. काटा चढू लागला. मध्यावर आला. मध्याच्या वर गेला.

"बाबा, चढतोय," सुजित म्हणाला.

"चढू दे."

"बाबा, अजून चढतोय. बंद करा. लोकांसमोर वाफ नको."

"अजून झाकण उघडायचंय रे," आजोबा म्हणाले. पण त्यांचं लक्ष रस्त्यावर नव्हतं, काट्यावर होतं. आजींनी सवयीनं टॉवेल डोक्यावर घेतला.

काटा थांबला. थरथरला. आणि सावकाश, शहाण्या मुलासारखा, खाली येऊन मध्यावर बसला. तिथून तो हललाच नाही. महाळुंग्याला नाही, बहिणीनं आग्रहानं पोहे खाऊ घातले तेव्हा नाही, आणि परतीच्या तुंबलेल्या रस्त्यावरही नाही. इंद्रायणीच्या पुलावर आजोबांनी मुद्दाम गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं आणि सुजितला म्हणाले, "ऐक."

"काय? काहीच ऐकू येत नाही."

"तेच ऐक."

फाटकाशी सगळे जमले होते. गाडी आत आली, वाफेशिवाय. प्रीतम, गणराज आणि आम्रपाली यांनी एकमेकांना असे हात मिळवले, जणू तिघांनी मिळूनच थर्मोस्टॅट शोधला. सुजितनं आरशावरची लाल चिठ्ठी सोडवली, हिरवी घेतली आणि आजोबांपुढे पेन धरलं.

"तू लिही," आजोबा म्हणाले. "कारणासकट."

सुजितनं लिहिलं, 'पास. कारण: महाळुंग्याला जाऊन आली, उकळली नाही.' मग डोकं खाजवून खाली जोडलं, 'पुढच्या गुरुवारी मलाही न्या.'

"अहो, पण मी एवढ्या लांबून आलोय," स्क्रॅपवाला म्हणाला. "मी काय नेऊ?"

"हे पातेलं चालेल का?" इंदुताईंनी विचारलं.

पण पातेलं जागेवर नव्हतं. लाटणंही नव्हतं. निशिगंधाही नव्हती.

ती पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये सापडली. आबाजींच्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला एक लाल चिठ्ठी लटकत होती. तिच्यावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'नापास. कारण: थर्मोस्टॅट नाही. तपासनीस: निशिगंधा.' काठी टेकत आबाजी जवळ आले, त्यांनी चिठ्ठी एकदा वाचली, दोनदा वाचली, आणि मिशीतल्या मिशीत काहीतरी म्हणाले.

निशिगंधा ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर पाय हलवत बसली होती. मांडीवर पातेलं, पातेल्यात लाटणं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आबाजी, कासारवाडीला तुम्ही येताय, की मी आजोबांना घेऊन जाऊ?"